कयाकवरची उंच गादी

विट्याकडच्या इंद्रजित शेठची अक्कल मोजायला त्याच्याच दुकानातला सोन्याचा काटा लागला असता, एवढी ती बारीक होती. हा माणूस कोइमतूरला सोनं गाळतो. जत्रेला गावी येताना गाडीच्या टपावर दोन माणसांची कयाक बांधून आला. गळानं मासे धरायची, प्लॅस्टिकची, वरच्या अंगाला बसायची होडी. इथवर ठीक. पण आल्या दिवशीच ती कुपवाडच्या एका वर्कशॉपात नेऊन त्यानं मागच्या जागेवर दीड फुटाचा लोखंडी घोडा, म्हणजे स्टुलासारखी चौकट, ठोकून घेतला, आणि घोड्यावर लाल रेक्झिनची गादी.

का? तर गेल्या ग्रामसभेत भावकीतल्या आप्पासोनं याला सगळ्यांदेखत "ए, खाली बस रं!" म्हणून गप्प केलं होतं. तेव्हापासून याला खाली बसायचं नावच नको. लग्नात खुर्ची, देवळात खुर्ची. आता पाण्यावर पण खुर्ची.

त्याच्या बायकोचं, सोनियाचं, दुखणं वेगळं होतं. तिला पोहता येत नव्हतं, आणि नवऱ्यानं सगळ्या भावकीला तलावावर बोलावून सांगून टाकलं होतं की होडीतनं जोडीनं जाणार. तिनं नाही म्हणून बघितलं, तर तीन दिवस घरात अबोला. शेवटी तिनं मनाशी एकच धरलं : जिवंत काठाला परत यायचं. बाकी शेठचं शेठ बघेल.

वैशाख सरत आलेला. पठारावरच्या पवनचक्क्या गरगरत होत्या, आणि वारा लाटा उचलून थेट काठाच्या दगडांवर आपटत होता. काठावर मंगल होती. धनगराची बाई, नवऱ्याबरोबर ट्रकच्या ट्यूबवर बसून याच तलावात मासे धरणारी. तिनं गादीकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आवं शेठ, हे काढा. पाण्यावर बूड जेवढं खाली, तेवढी होडी शहाणी."

"ट्यूबवाल्यांनी कयाकवाल्याला शिकवू नये."

"न्हाई शिकवत. पर पाणी तेच हाय की!"

मोबाईलवर शूटिंग करायला आलेला चुलतभाऊ पप्पू फिसकन हसला. शेठ नाही हसला. लाईफ जॅकेट घातलं की गळ्यातली चेन झाकली जात होती, म्हणून त्यानं जॅकेट काढलं, गादीवर टाकलं आणि त्याच्यावर बसला. म्हणजे आणखी चार बोटं उंच! जीव वाचवायची वस्तू ढुंगणाखाली घ्यायला सुद्धा डोकं लागतं.

सोनियानं आपलं जॅकेट आवळून बांधलं.

"भित्री," शेठ म्हणाला.

"आसू दे."

मंगल तिच्या कानाशी आली. "वैनी, गुडघे फाकवून खाली बसा. लाट आली की होडीचं नाक तिच्यावर. आन् परत आल्यावर होडीच्या नि काठाच्या मधी उतरू नगा. लाट होडी उचलून अंगावर घालती."

शेठनं होडी आडवी पाण्यात घातली, कारण तशी ती पप्पूच्या फोनात पुरी दिसत होती. पहिल्याच लाटेनं ती उचलून दगडांवर परत आणून टाकली. भावकी खिदळली. मग मंगलनंच नाक लाटांकडं वळवलं, दोघांना बसवलं, तीन मोठ्या लाटा जाऊ दिल्या आणि मधल्या उसंतीत होडी रेटली. "वल्हवा! थांबू नगा आता!"

तलावात आत गेल्यावर शेठच्या गळाला कटला लागला. शेठ मासा बघायला एका अंगाला वाकला, होडी कलली. पुढं बसलेली सोनिया दुसऱ्या अंगाला झुकली, तेव्हा कुठं सरळ झाली.

"आवं, खाली बसा!"

झालं. तलावात ग्रामसभा भरली.

"कुणाला म्हणतीस खाली बस?"

"आवं तसं न्हाई, होडी..."

"आप्पासोची भाषा माझ्या घरात? न्हाई बसत जा!"

आणि शेठ उभा राहिला.

घोडा कडकन मोडला. गादी, जॅकेट, गळ आणि शेठ एकदमच पाण्यात. जॅकेट वाऱ्यानं लांब नेलं. सोनियानं गुडघे दोन्ही बाजूंना रोवले, वल्हं पाण्यावर आडवं दाबलं, आणि होडी डुचमळून तशीच राहिली.

विहिरीतला पट्टीचा पोहणारा म्हणवणारा शेठ लाटांत दोनदा पाणी प्याला आणि बाजूनं वर चढायला लागला. होडी पुन्हा कलली. सोनियानं ताडलं, हा असा चढला की दोघंही तळाला. तिनं वल्हं त्याच्या बोटांवर हाणलं.

"बाजूनं न्हाई! मागं जावा, शेवटाला धरा!"

"मारतीस व्हय मला?"

"मरायचं आसंल तर चढा!"

तो मुकाट मागं गेला आणि कडी धरून लोंबकळला. वारा काठाकडंच होता. मागून येणारी प्रत्येक लाट होडी आडवी फिरवायला बघायची, पण शेवटाला शेठ ओढत असल्यानं नाक सरळ काठाकडं राहायचं. जन्मात पहिल्यांदा त्याच्या वजनाचा कुणाला उपयोग झाला. सोनिया वल्हवत राहिली. हात भरून आले, तरी थांबली नाही.

पायाला जमीन लागल्याबरोबर शेठला इज्जत आठवली. कडी सोडून तो पुढं धावला, भावकीला तोंड दाखवायला. नेमका होडीच्या आणि काठाच्या मधे.

"शेठ, मधनं हटा!" मंगल ओरडली.

हटतोय कशाला? लाटेनं होडी उचलली आणि त्याच्या गुडघ्यांच्या लवणीत घातली. शेठ तोंडावर चिखलात. सोनिया पाण्याच्या अंगानं उतरली. मंगलनं हात दिला. पायाखाली जमीन होती.

शेठ उठला, मिशीचा चिखल पुसला आणि भावकीला म्हणाला, "बाईमाणूस घाबरलं, मधीच उठलं. मी मागनं ढकलत आणली म्हून वाचली."

आप्पासोनं मान डोलवली. वैर एकीकडं, पण गडीमाणसाची बाजू गडीमाणसानं घ्यायची, एवढं शहाणपण या भावकीत पिढीजात आहे.

सोनियानं दम घेतला. लग्नाला सहा वर्षं झाली होती. उखाणा सोडला तर चारचौघांत तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"इंद्रजित बुडत होता," ती म्हणाली. "मी आणला."

शेठनं तोंड उघडलं. बायकोनं नाव घेतलं म्हणून आधी चिडावं, का आपण बुडतच नव्हतो हे आधी सांगावं, तेच त्याला ठरवता येईना.