बारभाईची पोफळ

मार्गशीर्षातली सकाळ. अंगावरची धुक्याची दुलई हळूहळू बाजूला सारत श्रीवर्धनची ती वाडी जागी होत होती. पोफळींच्या उंच, सडसडीत, हरितकंठी रांगांमधून कोवळं केशरी ऊन तिरपं उतरत होतं. केळीच्या रुंद पानांवर थबकत होतं, ओल्या मातीवर सांडत होतं. पलीकडे समुद्राची मंद्र, अखंड गाज. आणि पाटात नुकतंच सोडलेलं पाणी वळणं घेत घेत एकेका झाडाच्या पायाशी पोचत होतं.

पाणी सोडायचं काम दिगंबरपंतांचं. ते सोडून आले, की स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी भिंतीकडच्या खुर्चीत बसायचे आणि समोर खिडकीकडच्या खुर्चीत कुमुदबाई. लग्नाला इतकी वर्षं झाली, घराला दोनदा रंग लागला, पण खुर्च्यांची ही वाटणी काही बदलली नाही.

खिडकीतून कुमुदबाई वाडी पाहायच्या. पाहायच्या म्हणजे नजरेनं रेखायच्या. गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. खडू हातात घेऊन फळ्याच्या तळापासून माथ्यापर्यंत एका श्वासात त्या पोफळ उभी करायच्या. ऋजू, निष्कंप, एकश्वासी रेषा! ना गाठ, ना खोडणं. बाईंच्या रेघेला खुशाल ओळंबा लावून बघा, असं मुलं म्हणायची, आणि ते ऐकून बाई पाठमोऱ्याच हसायच्या.

मग त्या हातात कंप आला. आधी एका बोटात आला, मग मनगटात उतरला. कपाखालची बशी किणकिणू लागली. उंबऱ्यावरची रांगोळी दोन बोटांतून नको तिथे ओघळू लागली. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या. रेषा काही परत दिली नाही. कुमुदबाईंनी ब्रश धुतले, पुसले, बिस्किटांच्या जुन्या डब्यात घातले आणि डबा माळ्यावर टाकला.

दिवाळीत वैदेही आली, त्यांची नाशिकची लेक. तिनं आईपुढे टॅब ठेवला आणि त्यावरचा एक कागद दाखवला. शुभ्र, अफाट, अनंतपसर कागद! जगातल्या कुणीही यावं, हवं तिथे हवं ते रेखावं. कुणी दोन टिंबं देतं, कुणी त्या टिंबांचा मोर करतं. आपली रेघ आपल्यालाच पुसता येते, दुसऱ्याची पुसता येत नाही. आणि या कागदाला वर नाही, खाली नाही. पंगतीला बसावं तशी माणसं चारी बाजूंनी बसतात, ज्याला त्याला आपली बाजू सरळ दिसते. कोण कुठलं, ते कुणी कुणाला विचारत नाही.

कुमुदबाईंना ते मुळीच पटलं नाही. हा तर बारभाईचा कारभार, त्या म्हणाल्या. चित्र एकाच मनात रुजावं लागतं, एकाच हातातून उगवावं लागतं. ज्यानं त्यानं येऊन फराटे ओढायचे, ती गंमत झाली. तिला कला कसं म्हणायचं?

दिगंबरपंत सुपारी कातरत होते. कातरता कातरता ते म्हणाले, की मग आपली वाडीही बारभाईचीच. पोफळी आजोबांनी लावल्या, पाट वडिलांनी खणले, पाणी आपण घालतो, आणि ऊन कुणाचं ते तर ठाऊकच नाही. तरी सकाळी तू तासन्‌तास बघत बसतेस ती हीच वाडी ना? कुमुदबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की त्यांनी सुपारी मुकाट्यानं तोंडात टाकली.

पण वैदेही गेली आणि टॅब राहिला. कार्तिक सरला. खिडकीबाहेर पोफळी रोज उभ्या होत्या, सरळ, शांत, आकाशस्पर्शी, आणि आत एका म्हाताऱ्या हाताला रोज रेषेची तहान लागत होती. एका सकाळी त्यांनी मनाशी ठरवलं. एकदा, शेवटचं. तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, कुणी हसलं तरी आपल्यापर्यंत येणार नाही. पोफळ सरळ उभी राहिली तर काढत राहायचं. नाही तर या जन्मात पुन्हा रेघ ओढायची नाही.

कागदाच्या एका ओसाड कोपऱ्यात त्यांनी टॅबची लेखणी टेकवली. श्वास घेतला. तळापासून माथ्याकडे निघाल्या. आणि रेषा थरथरली. बुंध्याशी थरथरली, मध्यावर थरथरली, शेंड्याशी तर पार विस्कटली. झावळ्या झावळ्यांसारख्या दिसेनात. वाऱ्यानंही पोफळ अशी हलत नाही. ती थंडीनं काकडल्यासारखी उभी होती.

कुमुदबाईंनी टॅब पालथा घातला. हे संपलं, असं त्यांच्या मनात स्वच्छ उमटलं. त्या उठल्या आणि भाजी निवडायला बसल्या, आणि मेथीची पानं किती तरी वेळ त्यांच्या बोटांत थरथरत राहिली.

काही दिवस असेच गेले. टॅबवर धूळ बसली. पण ती वाकडी पोफळ कुठेतरी उभी आहे, उघड्यावर, परक्यांच्या नजरेसमोर, हे त्यांना सलत राहिलं. शेवटी या मार्गशीर्षातल्या सकाळी, पंत चहा घेत समोर बसलेले असताना, त्यांनी तो टॅब टेबलावर आडवा ठेवला आणि कागद उघडला. आपली रेघ आपल्याला पुसता येते. पुसायची, आणि मोकळं व्हायचं.

तर त्यांच्या पोफळीचे काय हाल केले होते लोकांनी! तिच्या पायाशी कुणी दुसरीच पोफळ चिकटवली होती, शेंडा खाली करून, दाढी लोंबावी तशी. जवळ एक होडी पालथी पडलेली. होडीच्या काठाला एक खंड्या उलटा टांगलेला, निळा, वटवाघळासारखा. आणि त्यांच्या पोफळीभोवती आभाळात कुणी उगाचच गुळगुळीत, लांबच लांब, वळवळत्या रेघा ओढल्या होत्या. खाली काही अक्षरं होती, तीही डोक्यावर उभी.

त्यांचे डोळे भरून आले. आपल्या हाताची कुणी इतकी थट्टा करावी? मग रागही आला. त्या पुटपुटल्या, की बारभाईच्या हाती दिलं की हेच व्हायचं. आणि पुसण्याच्या खुणेवर त्यांचं थरथरतं बोट जाऊन थांबलं.

"थांब, कुमुद," दिगंबरपंत म्हणाले. "पुसू नकोस."

कप हातात तसाच धरून ते टेबलावर वाकून बघत होते.

"का नको? काय ठेवण्यासारखं आहे त्यात?"

"अगं, पाण्यातली पोफळ आहे ना ती? तूच काढलीस?"

कसलं पाणी, कुठलं पाणी, बाईंना काही कळेना. पंतांनी टॅब उचलून त्यांच्याकडे फिरवला, तर त्या शहाण्या टॅबनं चित्रही लगेच फिरवलं आणि बाईंपुढे पुन्हा तीच दाढीवाली पोफळ. पंतांनी तो टेबलावर पहिल्यासारखा आडवा ठेवला, दुसऱ्यांदा उचलला, पुन्हा तेच. यंत्रापुढे त्यांनी हात टेकले.

"तूच ये इकडे," ते म्हणाले. "माझ्या बाजूला ये."

कुमुदबाई टेबलाला वळसा घालून गेल्या. इतक्या वर्षांत त्या बाजूला त्या कधी बसल्या नव्हत्या. पंत उठले, आपली खुर्ची त्यांना दिली आणि मागे उभे राहिले.

आणि समोर एक नदी होती. काठावर एक पोफळ उभी होती, सरळ, निष्कंप, उषःकालाच्या उजेडात न्हालेली. आणि तिच्या पायापासून खाली, खोल खोल पाण्यात, तिचंच प्रतिबिंब उतरलं होतं. थरथरतं, विरघळतं, जलमय, जिवंत. होडी काठाशी डुलत होती. खंड्या होडीच्या काठावर पाण्यात टक लावून बसला होता. बाईंचा कंप जिथे होता तिथेच होता. त्याचं पाणी झालं होतं.

कागदाच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्या कुणा अनोळखी माणसानं ती वाकडी रेघ उलटी पाहिली होती, आणि तिच्यात खोट न दिसता त्याला पाणी दिसलं होतं. त्या पाण्यासाठी त्यानं काठ आणला. काठावर पोफळ आणली. मग कुणी होडी आणली, कुणी पक्षी, कुणी त्याचा निळा रंग. बाईंनी गालावरचं पाणी पुसलं नाही. मागे पंत आहेत हेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

अक्षरं आता सरळ दिसत होती. मोडक्यातोडक्या हिंदीत कुणी लिहिलं होतं. बाईंनी ते मनातल्या मनात मराठीत वाचलं, मग मोठ्यानं वाचलं.

"ज्यांनी ही पाण्यातली पोफळ काढली, त्यांनी उरलेलं पाणीही काढावं. आम्ही करून पाहिलं. आमचं पाणी हलत नाही."

मग बाईंमधली शाळेतली बाई जागी झाली. त्यांनी त्या गुळगुळीत, वळवळत्या रेघांकडे पाहिलं. एकेक हात ओळखू येत होता. हा घाईचा, हा भित्रा, हा चांगला पण हट्टी. सगळ्यांनी त्यांच्यासारखं थरथरायचा मनापासून प्रयत्न केला होता आणि एकालाही ते साधलं नव्हतं. वेड्यांनो, त्या म्हणाल्या, पाणी असं ठरवून हलवतात का?

"मग दाखव की," पंत म्हणाले.

बाईंनी लेखणी घेतली. टॅब जसा होता तसाच राहू दिला. होडीच्या पोटाखालून, खंड्याच्या सावलीतून, त्या परक्या हातांच्या रेघांना धरून धरून त्यांची रेघ निघाली. हात थरथरला. त्यांनी त्याला थरथरू दिलं. रेघेमागून रेघ, लहरीमागून लहर, आणि हळूहळू, इतका वेळ गोठून बसलेलं ते बारभाईचं पाणी हललं. आधी होडीखाली हललं, मग काठाशी, मग कागदभर.

चहा निवून गेला. खिडकीकडची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर ऊन येऊन बसलं होतं. बाहेर वाडीत एक पिकली सुपारी देठावरून सुटली आणि टपकन पाटात पडली. पाण्यातल्या साऱ्या पोफळी थरथरल्या, एकमेकींत मिसळल्या, आणि थरथरत थरथरत उभ्याच राहिल्या.