औषधाचं नाव

माझ्या सासूबाईंचं, सीताबाईंचं, औषध पेणच्या खाडीकाठच्या गावांत चांगलंच ठाऊक आहे. अंगावरून फार जायला लागलं की बाया थेट आमच्या ओटीवर येतात. औषध कशाचं, हे मात्र सासूबाई कुणाला सांगत नाहीत. नाव तोंडातून निघालं की औषधाचा गुण जातो, असं त्यांच्या सासूने बजावलेलं. झालं, तीच काळ्या दगडावरची रेघ.

मीही तो काढा वर्षानुवर्षं प्यायले. जरा बरं वाटायचं, पाळी आली की पुन्हा अंथरूण. शेवटी रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. गर्भाशयात गाठी वाढलेल्या. ऑपरेशनला पर्याय नव्हता.

"बाहेरचं काही घेता?"

"सासूबाईंचा काढा."

"कशाचा?"

मला काय माहीत, कपाळ!

"काही झाडपाल्याने रक्त पातळ होतं. टेबलावर रक्त थांबलं नाही तर? आधी विचारून या, मग ऑपरेशन."

रोह्याजवळ वरसेला आमचं बिऱ्हाड; तिथे येऊन मी पेणला सासूबाईंना फोन लावला. सगळं ऐकूनही आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, औषधाचं नाव काही सांगितलं नाही. माझं डोकंच फिरलं. "गावच्या बायांना बरं करा, घरची सून मेली तरी चालेल!" असं म्हणून मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. खरंच भीती वाटत होती. नवरा, प्रणित, म्हणाला, "आईनं पोटच्या पोरीला नाव सांगितलं नाय, तुला काय सांगणार?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात पोचतो तर आई बाकावर बसलेल्या. पेणहून पहिल्या एस्टीने आल्या होत्या. आम्हाला बघताच उठल्या. आत गेल्या, डोक्यावर पदर ओढला आणि डोळे मिटून डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "उंबराची साल. जास्वंदीच्या कल्या. लाजालूचं मूल. आनखी कायपन नाय."

डॉक्टरीणबाईंनी नीट लिहून घेतलं: उंबराची साल, जास्वंदीच्या कळ्या, लाजाळूचं मूळ. "यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. काढा आजपासून बंद. रक्त तपासू आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू."

मला एकदम हलकं वाटलं. बाहेर येताच हसूही आलं आणि रडूही.

"आई, आता औषधाचा गुण गेला ना?"

"गेला तं गेला. बायांना दवाखाने हायेत." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तू गेली असतीस तं तुला कुठून आनली असती गो?"