शालूमामींचा काटा आणि कोरडा बर्फ

हिंगोली स्टेशनासमोरच्या सोडावॉटरच्या कारखान्यात सकाळचा उजेड कधी घाईने येत नसे. तो आधी कौलांच्या फटीतून उतरे, भिंतीवर थोडा विसावे, मग रचलेल्या बाटल्यांच्या हिरव्या गळ्यांशी थबके. आणि अखेरीस ओल्या फरशीवर असा पसरे, की जणू दिवसभर त्याला दुसरे कामच नाही. सोनाजी त्याच्याकडे पाहत बसला होता. त्यालाही कुठे जावेसे वाटत नव्हते.

हैदराबादच्या कॉलेजातली परीक्षा तोंडावर आली होती, गाडी संध्याकाळची. कोरड्या बर्फाचा हिशेब जुळला तरच जाईन, असे त्याने मामांना सांगितले होते. नाही जुळला, तर शिक्षण सोडून इथेच बाटल्या धुवायच्या.

उत्तमरावमामांनी सोड्यात भरायच्या गॅसची टाकी उलटी केली, तोंडाला जाड कापडी पिशवी बांधली आणि चावी फिरवली. फुत्कारासरशी पिशवीत कोरड्या बर्फाचा पांढरा भुगा साठला. शालूमामी शेजारीच गूळ-फुटाणे विकत. त्यांच्या तराजूत वीस तोळे भुगा तोलून घेतला, की सोनाजी तो घंगाळातल्या कोमट पाण्यात सोडी. बर्फ न वितळताच वायू होई, धुके उसळे, पाणी निवे. पाण्याने आणि तांब्याच्या घंगाळाने दिली तेवढीच उष्णता बर्फाने घ्यायची. त्या हिशेबाने तापमापकातला पारा चाळिसावरून बत्तिसाच्या जरा वर थांबायला हवा होता. दोन दिवस तो एकतिसाच्याही खाली जात होता, आणि दोन्ही दिवस सोनाजीने आपलेच गणित खोडले होते.

आज खोडायलाही काही उरले नव्हते. तो नुसता मामींच्या हाताकडे पाहत राहिला. पारडी समान झाली. मामींनी आणखी एक पळी भुगा टाकला.

"मामी, काटा बराबर झाला व्हता की."

"व्हय. पण बराबर काट्यावर कुणाला दिलंय मी? पारडं झुकल्याबिगर हात थांबत न्हाई माजा."

"म्हणूनच दुकान बुडून राहिलं," मामा म्हणाले.

"बुडबुडे इकणाऱ्यानं बोलू नये."

सोनाजीला हसू आले नाही. "आज झुकवू नका, मामी."

"चिक्कूच निघालं लेकरू," म्हणत मामींनी भुगा परत काढला.

धुके काठावरून सांडले, फरशीवर लोळले, विरले. पारा उतरत बत्तिसाच्या जरा वर आला आणि थांबला. सोनाजीने पाणी ढवळले. पारा हलला नाही.

"जुळलं का?" मामांनी वाकून विचारले.

"जुळलं." हे तो इतक्या खणखणीत आवाजात म्हणाला, की बाहेरचे टांगेवाले वळून पाहू लागले.

मामी वाटेसाठी फुटाणे बांधू लागल्या. सोनाजीने पाटीवर पुन्हा एकदा आकडे मांडले. पहिल्या दिवशी खोडलेले उत्तर आणि आजचे उत्तर एकच होते. गणित कधी चुकलेच नव्हते. त्याला हे येत होते.