बरोबरच्या चिन्हापर्यंत

“बाई, ते प्रश्नचिन्हच आहे ना? की माझा डोळा खेळ करतोय?”

सरांचं नाक जवळजवळ पडद्याला टेकलं होतं.

“प्रश्नचिन्हच आहे, सर,” जुळणीवाली म्हणाली. “डोळ्यावर आळ घेऊ नका.”

सरांनी जन्मभर गणित शिकवलं. उतारवयात एक सिद्धता हाती लागली आणि त्याच सुमारास नजर हातची जाऊ लागली. उद्या ऑपरेशन होतं. डॉक्टर हमी देत नव्हते. म्हणून छापखान्यातली ही बाई लॅपटॉप घेऊन घरी आली होती. सिद्धतेचं ते एक पान नीट लागलेलं, आज, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. बाकी काही नको.

पहिली फेरी.

सरांनी स्वतः टाइप केलेल्या मजकुराला आज्ञा दिली की यंत्र पानं लावून देतं. लावलीही, पण समीकरणाच्या पुढचा परिच्छेद तिरका, शब्द एकमेकांना चिकटलेले.

“गणित उघडलंत, मिटलं नाहीत,” ती म्हणाली. “गणिताच्या दोन्ही टोकांना डॉलरचं चिन्ह लागतं; तुमचं सुरुवातीला आहे, शेवटी नाही. यंत्राला वाटतंय, पुढचं बोलणंही गणितच.”

“यांचं संसारभर हेच चाललंय!” सरांच्या पत्नी, काकू, आतून म्हणाल्या.

दुसरी फेरी.

परिच्छेद ताळ्यावर आला. प्रश्नचिन्ह जागचं हललं नाही; संदर्भ सापडला नाही की यंत्र ते टाकतं. तिथं सरांच्या गुरूंचं नाव यायला हवं होतं. सगळी सिद्धता त्यांच्याच एका लेखावर उभी होती.

“या लेखाला खूण काय दिलीत, सर?”

“खिडकी-तीन. खिडकीजवळचं कपाट, तिसरा कप्पा. माझ्या सगळ्या संदर्भांना अशाच खुणा.”

“पण शेवटी दिलेल्या संदर्भांच्या यादीत तर दार-तीन आहे.”

सरांनी मान आतल्या दाराकडे वळवली. मग एकदम, “कपाट हलवलंस तू!”

“ओल येत होती तिथं,” काकू दारात आल्या. “आणि मी कपाट हलवलं. तुमच्या गुरूंना हात नाही लावला.”

कपाट हलल्यावर सरांनी यादी इमानेइतबारे बदलली होती. मजकुरातली खूण राहून गेली होती. ती तिनं दुरुस्त केली.

तिसरी. चौथी. एका फेरीत भागत नाही. यंत्र आधी मजकूरभर हिंडून काय सापडत नाही ते टिपून ठेवतं, मग यादीत धुंडाळतं, मग परत येऊन ज्याला त्याला आपापल्या जागी बसवतं. हे तिच्या रोजच्या पाहण्यातलं. आज मात्र शेजारी सरांनी श्वास रोखलेला होता, आणि तिच्याही अंगावर काटा आला.

प्रश्नचिन्ह गेलं. गुरू आले.

“दिसलं, सर?”

“मुंग्यांची रांग दिसतेय,” सर म्हणाले. “काळी.”



मग तिनं आकार वाढवला. वाढवतच गेली. एका कागदाला एक चिन्ह. घरातला प्रिंटर कुरकुरत एकेक कागद सोडत राहिला. काकूंनी खुर्च्या सरकवल्या, दोघींनी मिळून समीकरण जमिनीवर मांडलं. बैठकीच्या दारापासून बोळातून थेट स्वयंपाकघरापर्यंत.

सर कमरेत वाकून निघाले. प्रत्येक कागदाशी थांबायचे, ओठ हलायचे, मग पुढे. ती मागून चालली. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी पाऊल न वाजवता चालली.

“बाई,” सर पुटपुटले, “एवढं मोठं होतं हे?”

बरोबरच्या चिन्हापाशी ते उभे राहिले. पुढे एकच कागद उरला होता, शून्याचा. त्याच्या कोपऱ्यावर काकूंचा पाय पडला होता. त्यांनी तो हळूच मागे घेतला.