आजोबांची गाठ

वरदच्या कपाळावर, केसांच्या कडेला, वाटाण्याएवढी टणक गाठ आहे. अंघोळ झाली की सासूबाई तिला खोबरेल लावतात आणि वर एक पापी घेतात. अशीच गाठ माझ्या सासऱ्यांना होती. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझा नवरा दीपेश शाळेत असतानाच ते गेले. नातवाच्या कपाळावर गाठ दिसली तेव्हा सासूबाईंनी करावे गावात घरोघरी पेढे वाटले. आजा परत आला म्हणून.

पितृपक्षात सगळे गच्चीवर कावळ्याची वाट बघतात. आमच्याकडे सासूबाई पहिला घास वरदला देतात.

"कावल्याला कशाला बोलवू? आजा घरातच बसलाय, कार्टून बघत!"

मी देशावरची. आधी हसले, मग आवडायला लागलं. एका पोराला दोघांचं प्रेम मिळत होतं.

नेरूळच्या एका हॉस्पिटलात मी संशोधनाच्या कामाला आहे. आतड्याच्या आतून मांसाचे कोंब उगवतात, त्यांना पॉलिप म्हणतात. पुढे त्यांतल्याच एखाद्याचा कॅन्सर होतो. ते कुणाला होतात, कशानं होतात, हे शोधायचं. त्यासाठी पेशंटना विचारायचे प्रश्न नवे होते. साध्या माणसाला कळतात का बघायला रविवारी सासूबाईंनाच विचारत बसले. त्या बोंबील साफ करत होत्या.

"बाबांना काय झालं होतं, आई?"

"मूलव्याध. रगत जायाचं. वैदूची पुडी चालू व्हती. त्यांचा सख्खा भाव पन तसाच गेला, भरल्या वयात. आमच्या घरान्यातच हाय गो. तिखट सुटत नाय ना कुनाला."

"दारू?"

"तुजा सासरा? सोड्याची बाटली पन नाय फोडली कदी."

शेवटचा प्रश्न आमच्या संशोधनाच्या मॅडमनी मागाहून घातलेला. "घरात कुणाच्या कपाळावर, जबड्यावर टणक गाठ?"

सासूबाई हसल्या. "हा काय सवाल झाला? तुज्या मांडीवर झोपते ती काय हाय मग? दीपेशला पन हाय, जबड्याला. म्हनून तर दाढी ठेवतो."

त्या दाढीवरून मी इतकी वर्षं हात फिरवलाय. मला वाटायचं, हाडच तसं आहे.

हा प्रश्न का घातला ते मला माहीत होतं. काही घराण्यांत पॉलिप शेकड्यांनी येतात, आणि कधी कधी त्यांच्या आधी अशी गाठ येते. त्याला तंबाखू लागत नाही, मटण लागत नाही. नुसता बाप पुरतो.

संध्याकाळी दीपेश रबाळ्याहून, कंपनीतून आला. दारातच विचारलं, "तुला रक्त जातं?"

"अगं, मूळव्याध आहे. आमच्यात सगळ्यांनाच असते. ट्यूब लावतो ना. तू टेन्शन नको घेऊ."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

दीपेशला दुर्बिणीनं तपासलं तेव्हा आतड्याची भिंत दिसतच नव्हती, नुसते कोंब. त्यांतल्या एकाचा कॅन्सर होऊन तो लिव्हरपर्यंत पोचला होता. वरदचं रक्त तपासायला दिलंय. शक्यता निम्मी, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांची नजर त्याच्या कपाळावर गेली आणि त्यांनी फाईल मिटली. वरदसाठी पुढे काय करायचं तेही मला पाठ आहे: थोडा मोठा झाला की दरवर्षी दुर्बीण, पुढे आतडंच काढून टाकायचं, मग बहुतेक जगतो. पेशंटच्या बायकांना हे मी आशा म्हणून सांगत आले.

यंदाच्या पितृपक्षात सासऱ्यांच्या तिथीला दीपेश आत पडून होता. जेवण जात नव्हतं. सासूबाईंना वाटतंय, मूळव्याधीचं ऑपरेशन बिघडलं. त्यांनी वरदला पाटावर बसवलं, घास भरवला आणि गाठीवर ओठ टेकून म्हणाल्या, "अवो, तुमच्या पोराला बरा करा."

वरदनं आवाज जाड केला. "करतो हां, जमुना."

त्या पदराआड रडल्या, हसल्या. मग वरद माझ्याकडे वळला. "आई, तू पण माग ना आजोबांकडे काहीतरी."

मी वाकून ओठ टेकले. खोबरेलाचा वास आला. सासूबाई बघत होत्या, म्हणून मनातच म्हटलं, बाबा, तुम्ही परत जा हो.