कामोमे खाडीची चव

फुसाएचं नाक म्हणजे अख्ख्या बेटाचा अभिमान. समुद्रतळावर शेवाळ खाऊन जगणारी काटेरी, गोळ्यासारखी उनी फोडून आतला केशरी गर नाकाशी नेला, की तो कुठल्या खाडीतला ते ती सांगून मोकळी. म्हणून यंदा उनीच्या डब्यांवर कुठल्या खाडीचं नाव छापायचं, हे ठरवायला मच्छीमार संघाने तिलाच बसवलं. नवऱ्याच्या कामोमे खाडीचं नाव लागावं, यासाठी तिचा जीव तुटत होता. नवरा गेला, आता तिथे मुलगा शिंगो होडी नेई. पण न्याय तो न्याय. तिने स्वतःहून डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली.

पहिला गर जिभेला लागताच तिने तोंड वाकडं केलं. "शी! कडूजहर! वासही कसला कुबट. कुठल्या करंट्याने आणलं हे?"

सगळे खो खो हसले. शिंगोचं हसू काही ऐकू आलं नाही.

दुसरा गर अलगद विरघळला. गोड, स्वच्छ, मागे कोंबू शेवाळाचा मंद दरवळ. फुसाएला भरूनच आलं. "ही आमची कामोमे! ते आणायचे ती अगदी अशीच."

टाळी कुणीच वाजवली नाही. तिने पट्टी ओढून काढली.

"काकू," संघाचे ओकुयामा चाचरत म्हणाले, "ही बंद शाळेतल्या टाकीतली. कोबीची पानं अन् दुकानातला कोंबू घालून पोसलेली. गंमत म्हणून ठेवली होती. कामोमेची ती... पहिली."

फुसाए मुलाकडे वळली. "काहीतरीच काय! शिंगो, सांग ना यांना!"

होडीतून वाकून, काचेच्या तळाची पेटी पाण्यावर धरून खाडीचा तळ बघायचा तो पुरुषांनी. तिने तो कधी पाहिलाच नव्हता.

"खाली कोंबूचं पातंही उरलं नाही, आई. पांढरे पडलेले दगड अन् उपाशी उनी."

"मग मी घरी फोडते ती?"

"टाकीतलीच. तुझं नाक नाही चुकलं. आधी बाबा आणायचे, मग मी. तुला सांगायचं नाही म्हणाले होते."



"दर हंगामाची पहिली वाटी मी त्यांच्या फोटोपुढे ठेवते," ती म्हणाली. "तुमच्या खाडीची, असं सांगून. अन् तू शेजारी बसून हात जोडायचास, शिंगो?"