इग्नाकचा उंट

खुब्याचा सांधा बदलून इग्नाक तीन आठवड्यांनी ओसियेक शहरातल्या इस्पितळातून घरी आला, तेव्हा मका शेतात वाळून काढणीसाठी उभा होता आणि जुना लाल ट्रॅक्टर छपराखाली तसाच पडून होता. डॉक्टरांनी त्याला वाकायची सक्त मनाई केली होती. मग मंगळवारी सकाळी त्याने अंगणात खुर्ची मांडून घेतली, कुबडी मांडीवर आडवी ठेवली आणि बायकोला हाक मारली.

"म्हातारे, इकडे ये. मी सांगतो, तू कर. विचारल्याशिवाय कशाला हात लावू नकोस."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात व्लास्टाला त्या ट्रॅक्टरला हात लावायची परवानगी पहिल्यांदाच मिळत होती. ती होती तशीच एप्रनला हात पुसत आली.

"आधी इंजिन ऑइल. ती मापाची पट्टी काढ, पूस, पुन्हा पूर्ण आत घाल, मग काढून बघ."

"दोनदा कशाला? पहिल्यांदा खोटं बोलते का?"

"बोलते. तुझ्या बहिणीसारखी."

"माझी बहीण दुसऱ्यांदाही बोलते," व्लास्टा म्हणाली आणि पट्टी त्याच्यासमोर धरली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं.

तिने नरसाळं लावून ओतायला घेतलं. "हळू," इग्नाक म्हणाला. "थोडं ओत, थांब, बघ, मग परत ओत. भरपूर घातलं म्हणजे चांगलं असं नसतं."

"हे तुला ब्रँडी पिताना नाही आठवत."

तेल वरच्या खुणेपाशी आलं. गिअरबॉक्सचं बूच कुठे आहे ते तो सांगणार, तोवर तिने ते उघडलंही होतं. इग्नाकने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. तिथलं ऑइल बरोबर होतं. मग तिचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला.

"ते राहू दे. त्याला पाणी लागत नाही. शेजारच्या मियोचा ट्रॅक्टर बैलासारखा पितो. आपला उंट आहे."

हे त्याने गुत्त्यात, चर्चच्या दारात आणि अगदी परवा इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही सांगितलं होतं. इंजिन थंडगार होतं. व्लास्टाने झाकण फिरवून काढलं आणि आत बोट घातलं. ते कोरडंच बाहेर आलं.

"तुझ्या उंटाला तहान लागलीय."

इग्नाकने कुबडी जमिनीवर आपटली. "सात वर्षांत थेंब लागला नाही, आणि तीन आठवड्यांत एवढं? रेडिएटर फुटला असणार."

व्लास्टा कोठारात गेली आणि कांद्याच्या पोत्यांमागून रेडिएटरात घालायच्या हिरव्या कूलंटचा अर्धा कॅन घेऊन आली.

"हा कुठला?"

"माझा. रविवारी जेवून तू घोरायला लागलास की मी घालते. सात वर्षं झाली. हे तीन आठवडे मात्र मी तुझ्या उशाशी होते."

"मला सांगायचं नाही?"

"सांगणारच होते. पण त्याच आठवड्यात तू मियोपुढे छाती फुगवून बसलास. म्हटलं, माणूस खूश आहे, राहू दे."

इग्नाकला चिडायचं होतं, पण नेमकं कशावर ते सापडेना. त्याने विचारलं, "गळतंय कुठून?"

"खालच्या पाइपातून. चीर गेलीय. बदलायचा तर तुला सांगावं लागलं असतं."

तेवढ्यात मियो कुंपणापाशी येऊन उभा राहिला. "काय चाललंय? ऑपरेशन कोणाचं?"

व्लास्टा खाली बघून झाकण पुसत राहिली. इग्नाकला कळलं की आजही ती त्याला सांभाळून घेणार आहे. त्याने घसा साफ केला.

"पाइप चिरलाय. सात वर्षं गळतोय. पाणी ही घालायची, मला पत्ताच नव्हता."

मियो कुंपण धरून इतका हसला की त्याला ठसका लागला. मग डोळे पुसत घरी गेला आणि मापाचा पाइप घेऊन आला. तासाभरात त्याने आणि व्लास्टाने मिळून तो बसवला. मग तिने कूलंट भरलं, इंजिन जरा चालू ठेवलं, ते निवल्यावर पातळी पुन्हा पाहिली. जोड कोरडा होता.

इग्नाक पुढची सूचना द्यायला तोंड उघडतो तोच ती सीटवर चढली, ट्रॅक्टर मागे घेऊन एका दमात ट्रॉलीला लावला आणि मक्याच्या वाटेला लागली.

मियो बघतच राहिला. "हिला चालवायला कधी शिकवलंस रे?"

"मी नाही शिकवलं," इग्नाक म्हणाला. "आणि कधी शिकली, ते आज तरी मी विचारणार नाही."